वाहाकाच्या खोऱ्यातला हिवाळा: घर कसं लावायचं, वाटा कशा चालायच्या

अमेरिकेत-कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांची मुलं मार्गी लागली आहेत, किंवा ज्यांना घरून काम करता येतं, त्यांच्यात डिसेंबर-जानेवारी दक्षिणेला कुठेतरी काढायचं वेड हल्ली वाढलंय. मेक्सिको म्हटलं की बहुतेकांचं बोट नकाशावर समुद्राकडे जातं. हा लेख समुद्राचा नाही. दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात, वाहाका शहराच्या पूर्वेला त्लाकोलुलाचं खोरं पसरलंय आणि त्याच्या उत्तरेला सिएर्रा नोर्तेचे डोंगर उभे आहेत. तिथल्या एखाद्या गावात दोन-तीन महिने बस्तान मांडायचं आणि रोज उठून पायी हिंडायचं असेल, तर काय काय करावं लागतं ते इथे सांगते.

आधी हवेचं गणित समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. वाहाका शहर १७ अक्षांशावर आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी-सांगलीच्या रांगेत. दिवस तेवढाच लहान-मोठा, ऊन त्याच कलाचं. फरक उंचीचा. शहर साधारण १,५५० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. खोऱ्यातली गावं कळसूबाईच्या माथ्याच्या आसपास. त्यामुळे डिसेंबरात दुपारी पारा २५-२६ अंशांवर जातो आणि रात्री दहाच्या खाली उतरतो, उत्तरेकडून थंड वारं घुसलं तर आणखी खाली. घरं तापवायची सोय मात्र जवळजवळ कुठेच नसते. म्हणजे सकाळी दहाला घरात स्वेटर घालून कुडकुडत असता आणि अंगणात पाऊल टाकलं की स्वेटर काढावासा वाटतो. मिनेसोटा किंवा टोरांटोहून येणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण तिथे ऊब घरात असते. इथे ती बाहेर असते. घर उन्हाच्या वेळापत्रकावर चालवायचं आणि चालायला जायचं ते गावाला विचारून, या दोन गोष्टी जमल्या की हिवाळा मजेत जातो.

कधी जायचं आणि कागदपत्रं

पावसाळा ऑक्टोबरात संपतो. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. तेव्हा शहरात पाय ठेवायला जागा नसते आणि भाडी आभाळाला भिडतात. तो सण बघायचा असेल तर खुशाल या, पण घर शोधायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर पोहोचा. तेव्हा शेतात मक्याची काढणी चालू असते, ओढ्यांना अजून थोडं पाणी असतं, टेकड्या पूर्ण करपलेल्या नसतात. फेब्रुवारी वाऱ्याचा. ‘फेब्रेरो लोको इ मार्सो ओत्रो पोको’, म्हणजे फेब्रुवारी वेडा आणि मार्चही थोडा तसाच, असं तिथे लहान पोरंही म्हणतात. मार्चपासून उन्हाळा आणि वणवे. त्याच्या आत निघालेलं बरं.

भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा, किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. मुक्काम जास्तीत जास्त १८० दिवस, पण नेमके किती ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तीन महिने राहायचं असेल तर परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता कागदावर छापून हातात ठेवा आणि शिक्क्यावर किती दिवस मिळालेत ते खिडकीवरून हलण्याआधी वाचा. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

गाव निवडताना

खोऱ्यात राहायचं की डोंगरावर, हा पहिला प्रश्न. माझं उत्तर सरळ आहे: राहायला खोरं, चालायला दोन्ही. सिएर्रामधलं क्वाहिमोलोयास साधारण ३,२०० मीटरवर आहे. पाइन आणि ओकचं जंगल, धुकं, पहाटे गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं. दोन रात्री लाकडाच्या खोलीत शेकोटीपुढे बसायला झकास, पण दोन महिने तिथे हाडं गारठतात.

खोऱ्यात तेओतित्लान देल वाये हे सापोतेक या तिथल्या मूळ जमातीच्या विणकरांचं गाव शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. घराघरात मागांची खटखट, अंगणात वाळत घातलेली लोकर. किरमिजी रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून, निळा निळीपासून. बाजार, बँक, औषधं अशी रोजची सोय हवी असेल तर त्लाकोलुला बरं, पण ते गजबजलेलं आहे. गजबजीच्या बाबतीत मित्ला दोन्हीच्या मधलं. तिथे प्राचीन अवशेष आहेत आणि टेकड्या पायाशी.

घर इंटरनेटवर महिन्याभरासाठी आधीच पक्कं करू नका. चार-पाच रात्रींची खोली घ्या आणि गावात फिरून विचारा. बहुतेक ठिकाणी तुम्हाला मिळेल ती एखाद्या कुटुंबाच्या वाड्यातली एक बाजू: उंच भिंत, मोठा दरवाजा, मध्ये अंगण, एका कोपऱ्यात कोंबड्या आणि टर्की. दरवाजा उघडा दिसला तरी थेट आत शिरायचं नाही. बाहेरूनच ‘बुएनोस दीआस’ अशी हाक द्यायची आणि कुणीतरी येईपर्यंत थांबायचं.

घर बघताना काय तपासायचं

इथे घाई करू नका. घर दुपारी बघू नका, तेव्हा सगळीच घरं छान वाटतात. सकाळी आठला जा. अंगणात ऊन कुठून येतं, किती वाजता येतं ते बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिण किंवा आग्नेयेकडे मोकळं अंगण असेल तर चहाच्या वेळी ऊन मिळतं. उत्तरेकडे तोंड असलेली खोली नोव्हेंबरात गार वाटते आणि जानेवारीत नकोशी होते.

मग भिंती. जुन्या घरांच्या भिंती अदोबेच्या, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, चांगल्या हातभर जाड असतात. त्या दिवसभर हळूहळू तापतात आणि रात्री ऊब सोडतात. काँक्रीटच्या भिंती आणि वर पत्रा अशी नवी खोली दिसायला टापटीप, पण रात्री नऊलाच तिच्यातली ऊब गेलेली असते. अदोबेची एक दुसरी बाजूही आहे. वाहाका भूकंपाचा प्रदेश आहे; २०१७ च्या सप्टेंबरात तेवांतेपेकच्या आखाताजवळ ८.२ तीव्रतेचा धक्का बसला होता. म्हणून भिंतीला तिरप्या भेगा आहेत का, वरच्या तुळया जागेवर आहेत का, आणि पलंगापासून अंगणाकडे अंधारात सरळ धावता येतं का, एवढं पाहाच.

पाण्याचं विचारा, आणि नीट विचारा. नळाला पाणी कुठल्या वारी येतं, गच्चीवरची टाकी (तिला तिनाको म्हणतात) किती लिटरची, खाली हौद आहे का, कोरड्या महिन्यांत टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कुणाकडे. नळाचं पाणी प्यायचं नाही. पिण्यासाठी २० लिटरचा गाराफोन मिळतो, तो दारावर विकायला येतो. रिकामा जार परत दिला की फक्त पाण्याचे पैसे पडतात, म्हणून पहिला जार सांभाळा.

गॅस एक तर सिलिंडरचा, नाहीतर गच्चीवरच्या मोठ्या टाकीचा. टाकी असेल तर तिच्यावरचा टक्क्यांचा काटा पहिल्याच दिवशी घरमालकासमोर बघा आणि फोटो काढून ठेवा. निघताना यावरूनच कुरबूर होते.

आंघोळीचं पाणी सौरबंबाचं असेल तर ते संध्याकाळी कढत असतं आणि पहाटे कोमट. अशा घरात सकाळच्या आंघोळीचा हट्ट सोडायचा. दिवसभर हिंडून, धूळ अंगावर घेऊन पाचच्या सुमाराला आलात की आंघोळ उरकायची, केस उन्हं जायच्या आत वाळवायचे. आपल्याकडच्या ‘आधी आंघोळ मग चहा’ संस्कारांना ते रुचत नाही, पण जानेवारीतल्या एका सकाळी सगळे संस्कार विरघळतात.

रात्रीच्या थंडीवर तिथला उपाय म्हणजे पांघरुणं. लोकरीची जाड घोंगडी रविवारच्या बाजारात घ्या, दोन घ्या, एक अंगाखाली आणि एक अंगावर. रबराची गरम पाण्याची पिशवी सोबत न्या. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि थंडीत दारं-खिडक्या घट्ट लावून शेगडी पेटवलेल्या खोलीत माणसं झोपेतच जातात. गॅसचा बंब न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर ते घर घेऊ नका.

पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस चढ चढू नका. उंचीने डोकं जड होतं, झोप तुटते, पायऱ्या चढताना दम लागतो. पाणी भरपूर प्या आणि मेझकालचं, म्हणजे तिथल्या घायपाताच्या दारूचं, आमंत्रण आठवडाभर पुढे ढकला. ऊन सौम्य वाटलं तरी या उंचीवर भाजून काढतं. टोपी आणि सनस्क्रीन पहिल्या दिवसापासून.

आवाजांची सवय करून घ्यावी लागते. पहाटे कोंबडे, मग गाढव, मग गावातला भोंगा. अमक्याच्या घरी ताजे तामाल (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे मुटके) आहेत, तमक्याच्या घरी डुक्कर कापलंय, पाण्याचे पैसे भरायची आज शेवटची तारीख, असं सगळं भोंग्यावरून पुकारतात. त्यात सणासुदीला पहाटे चारला उडणारे बाण. झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे आणा. तक्रार करण्यात अर्थ नाही.

रस्त्यात भेटेल त्याला नमस्कार करा. दुपारपर्यंत ‘बुएनोस दीआस’, नंतर ‘बुएनास तार्देस’, अंधार पडला की ‘बुएनास नोचेस’. ओळख असो-नसो. खानावळीत शिरताना जेवत असलेल्यांना ‘प्रोवेचो’ म्हणायचं. मोठ्यांना ‘उस्तेद’ म्हणजे आपलं अहो-जाहो, पुरुषाच्या नावाआधी ‘दोन’, बाईच्या नावाआधी ‘दोन्या’. अनेक घरांत आपसात सापोतेकच बोलतात आणि स्पॅनिश त्यांचीही शिकलेली भाषा असते, त्यामुळे तुमच्या मोडक्या स्पॅनिशला कुणी हसत नाही.

प्रवास सोपा आहे. हमरस्त्यावर बस आणि शेअर टॅक्सी, तिला कोलेक्तिवो म्हणतात. रस्त्यापासून गावात जायला तीनचाकी मोटोटॅक्सी, आणि त्यांतल्या कित्येकांवर बजाजचं नाव. आकुर्डी-वाळूजची आठवण काढत बसा मागे. सुट्टे पैसे लागतात, कार्ड कुणी घेत नाही. एटीएमसाठी त्लाकोलुलाला जावं लागेल, आणि रविवारी तिथे रांग असते. आणखी एक: वाहाकात रस्ता अडवून आंदोलन करणं नेहमीचं आहे. विमान पकडायचं असेल तर आदल्या दिवशीच शहरात मुक्कामाला जा.

बाजार आणि स्वयंपाकघर

आठवड्याचे बाजार गावागणिक वाटून दिलेले आहेत: रविवार त्लाकोलुला, बुधवार एत्ला, गुरुवार साचिला, शुक्रवार ओकोत्लान. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखंच सगळं, फक्त आवाज कमी. विकणारी बाई तुम्हाला ‘मार्चान्ता’ म्हणेल, तुम्हीही तिला तसंच म्हणायचं. घासाघीस फार करू नये; मापात एक मूठ वर टाकायला सांगितलेलं चालतं.

मराठी माणूस या बाजारात गोंधळून जातो, तो अनोळखी गोष्टींनी नव्हे तर ओळखीच्यांनी. मका, मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, चिकू, भोपळा, झेंडू हे सगळं मेक्सिको आणि आसपासच्या अमेरिकेतून पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या काळात जगभर पसरलं, आणि आपल्याकडेही तसंच आलं. उपासाला चालणारा राजगिराही तिकडचाच. त्याचे लाडू आणि वड्या तिथे आलेग्रीया या नावाने मिळतात, गुळातच बांधलेले. गूळ ‘पानेला’ म्हणून मागा. लाल अंबाडीची सुकी फुलं पोत्यांनी असतात, त्यांचं सरबत करतात. घोळीची भाजी ‘वेर्दोलागास’ म्हणून जुड्यांनी येते. चिंच आहेच. काळा घेवडा, हरभरा, मसूर मिळतो. तूरडाळ, हिंग, मोहरी मात्र इथे शोधत बसू नका, ते सोबत आणा.

पिठाची गंमत वेगळी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन सकाळी गिरणीत ओला दळतात. सहा-सातच्या सुमाराला बादल्या घेतलेल्या बायका गिरणीकडे जाताना दिसतील. त्यांच्या मागून जा आणि कुणाकडून तरी किलोभर मासा, म्हणजे तो दळलेला गोळा, विकत घ्या. चुन्यामुळे पीठ चिकट होतं आणि ज्वारी-मक्याच्या कोरड्या पिठासारखं फाटत नाही. हातावर थापून मातीच्या तव्यावर, कोमालवर, टाकलं की फुगून येतं. लसणाच्या चटणीबरोबर खाऊन बघा. रोज करायचा कंटाळा आला तर शेजारची बाई परडीतून मऊ तोर्तिया विकायला येतेच.

शाकाहारी असाल तर तीन वाक्यं पाठ करा. ‘सिन मान्तेका’, म्हणजे डुकराची चरबी नको. ती घेवड्यात आणि तामालमध्ये हमखास असते. ‘सिन काल्दो दे पोयो’, कारण साधा दिसणारा भात बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. आणि त्लायुदा, म्हणजे वर घेवडा वगैरे पसरलेली मोठी कडक तोर्तिया, मागवताना ‘सिन आसिएन्तो’. आसिएन्तो म्हणजे चरबीचा तळाचा गाळ, तो त्लायुदावर पहिल्यांदा फासतात. लाल, तिखट-मिठाची चव असलेली कुरकुरीत गोष्ट कुणी हातावर ठेवली तर ते बहुधा भाजलेले नाकतोडे असतात. खा किंवा हसून नको म्हणा.

थंडीत सकाळी पाण्यातलं चॉकलेट आणि अंड्याचा पाव घ्यायची तिथली रीत मला चहापेक्षाही आवडली. चॉकलेट लाकडी रवीने घुसळतात, थेट आपल्या ताकाच्या रवीच्या चालीने, आणि फेस आल्याशिवाय देत नाहीत.

चालायला सुरुवात: आधी विचारायचं

आता मुख्य गोष्ट. युरोपातल्यासारख्या खुणा केलेल्या सार्वजनिक पायवाटा इथे नाहीत, आणि सह्याद्रीत आपण कुठल्याही डोंगराला लागतो तसंही चालत नाही. वाहाकातली बरीचशी जमीन गावाच्या सामाईक मालकीची आहे. राज्यात ५७० नगरपालिका आहेत आणि त्यांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी गावसभेच्या जुन्या रीतीने कारभारी निवडतात. जंगल, कुरण, झरे यांची व्यवस्था बघणारी निवडलेली मंडळी असतात आणि ती हे काम विनापगार करतात. तुम्ही विनापरवाना टेकडीवर दिसलात तर कुणी भांडणार नाही, पण कुणीतरी खाली कळवतंच. शेजारच्या दोन गावांत हद्दीचा वाद धुमसत असेल तर अनोळखी माणूस दोघांनाही नको असतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात नगरपालिकेत जा. दारावर नमस्कार करा, कुठे राहता ते सांगा आणि फिरायला जायचंय, कुठल्या वाटा मोकळ्या आहेत असं विचारा. कुणीतरी कागदाच्या मागच्या बाजूला नकाशा काढून देतं. कुंपण, गेट किंवा कुणाचं शेत आडवं आलं आणि माणूस दिसला तर ‘से प्वेदे पासार?’, जाता येईल का, एवढंच. बहुतेक वेळा हो म्हणतात आणि वाट कुठे फुटते तेही सांगतात.

खोऱ्यातल्या वाटा

सुरुवात सपाटीवर करा. उजाडतं सातला. साडेसातला निघा, अकरा-साडेअकरापर्यंत परत या. अंगावर थर हवेत: आत सुती पूर्ण बाह्यांचा सदरा, वर स्वेटर, डोक्याला कानटोपी, नवाच्या पुढे एकेक काढून पिशवीत. अर्धी चड्डी नको, काटे फार. पाणी माणशी दीड-दोन लिटर, कारण वाटेत भरायला काही नाही.

तेओतित्लानहून गावाच्या वरच्या अंगाला धरणाकडे जाणारी वाट पहिल्या दिवसांसाठी उत्तम. एका बाजूला काढणी झालेली मक्याची शेतं. ताटं कापून, बांधून उभी करून ठेवलेली असतात, आपल्याकडचा कडबा जसा. दुसऱ्या बाजूला घायपाताच्या निळसर रांगा. आपल्याकडे बांधावर दोराच्या वाखासाठी जे घायपात लावतात त्याचंच हे गोत, फक्त इथे पाच-सात वर्षं वाढवून, पानं तासून, मधला गड्डा भाजून त्याचा मेझकाल काढतात. पुढे उघड्या टेकड्यांवर निष्पर्ण झाडं आणि त्यांच्या टोकाला मोठी पांढरी, कर्ण्यासारखी फुलं दिसतील. हे कासावाते. जवळ जाऊन फूल बघा: पाकळ्या चिकटून झालेलं एकसंध नरसाळं, पहाटे पिळ उलगडून उमललेलं, आत बहुधा एखादी मुंगी. आपल्या बेशरमाचंच कुळ, पण इथे झुडूप न राहता चांगलं झाड झालंय आणि ऐन कोरड्या दिवसांत फुलतं. काटेरी झाडांतलं मेस्कीते म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं जवळचं नातेवाईक. काटा बुटाचा पातळ तळ सहज भेदतो.

एका झुडपापासून मात्र सांभाळा. ‘माला मुहेर’ नावाचं, पानांवर बारीक पांढऱ्या लवेचं. हात लागला की खाजकुइलीची आठवण येते, वर जळजळ. ओळखीच्या माणसाकडून एकदा दाखवून घ्या. विंचू थंडीत सुस्त असतात, पण रात्री अंगणात ठेवलेले बूट झाडूनच घाला आणि दगडाखाली बोटं घालू नका.

कुत्री सगळीकडे, मेंढरांबरोबर हमखास. उपाय आपल्या गावचाच: पळायचं नाही, पाठ द्यायची नाही, खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणायचा. दहातली नऊ तेवढ्यावर मागे सरतात. काठी असावी. माणसांना कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवल्याची मान्यता मेक्सिकोला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिली, पण जंगली प्राण्यांत तो आहे. कुठलाही प्राणी चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन तडक आरोग्य केंद्रात जायचं.

पाय सरावले की मित्लाच्या बाजूला या. यागूल आणि मित्ला परिसरातल्या गुहा २०१० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांतल्या गिला नाकित्स या गुहेत लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची मक्याची कणसं सापडली. कणसं जेमतेम बोटाएवढी. तिथे गावचा वाटाड्या घेऊनच जायचं. गुहा दिसायला अगदी साधी आहे, खडकातली एक बेचकी. पण वाटेतली निवडुंगांची रानं आणि समोर उघडणारं खोरं यासाठी ही चाल वर्षातून एकदा तरी करावी.

सिएर्रा नोर्ते

डोंगरातली आठ गावं मिळून पुएब्लोस मान्कोमुनादोस म्हणून ओळखली जातात. जंगल सामाईक, वाटा शंभर किलोमीटरहून अधिक, आणि १९९० च्या दशकापासून गावांनी स्वतःच चालवलेल्या खोल्या आणि वाटाड्ये. त्लाकोलुलाहून गाडीरस्ता वळणं घेत क्वाहिमोलोयासला चढतो. गावात उतरल्यावर पहिलं काम कार्यालयात नाव लिहायचं, प्रवेशाचे पैसे भरायचे आणि वाटाड्या मागायचा. वाटाड्याचे पैसे वाचवू नका. वाटा ओकच्या पाचोळ्याखाली हरवतात, दुपारनंतर धुकं पडतं, आणि हा पैसा शाळा-रस्त्यांकडे जातो.

पहिल्यांदा क्वाहिमोलोयास ते बेनितो हुआरेस एवढंच करा. दोन्ही गावं उंचावर आहेत, फार चढ-उतार नाही, पण ३,००० मीटरवर दम लवकर लागतो हे विसरू नका. झाडांवरून राखाडी शेवाळासारख्या जटा लोंबत असतात. नाताळात येशूजन्माचा देखावा मांडायला लोक त्याच नेतात. जंगलात लालभडक, आपल्या शिंपी पक्ष्याएवढा छोटा पक्षी दिसला आणि त्याच्या गालावर चंदेरी ठिपका असेल तर तो रेड वॉर्बलर. मेक्सिकोच्या उंच जंगलांबाहेर तो जगात कुठे नाही.

लातुवी ते लाचाताओ ही दिवसभराची चाल सगळ्यांत सुंदर. जुन्या राजमार्गाची वाट, नदीकाठ, आणि उतरत जाल तसं जंगल बदलत जातं. गुडघे कुरकुरत असतील तर दोन काठ्या घ्या, कारण उतार लांब आहे. शेवटी लाचाताओचं प्रचंड दगडी चर्च अचानक समोर येतं.

डोंगरातला कपडा खोऱ्यातल्यापेक्षा वेगळा: वारा अडवणारं जाकीट, हातमोजे, रात्रीसाठी लोकरीचे मोजे. उत्तरेचं वारं सुटलं की दोन-तीन दिवस बारीक झिमझिम आणि ढग. तसा अंदाज असेल तर खालीच राहा. जंगलात आग पेटवायची नाही, ड्रोन उडवायचा असेल तर आधी परवानगी, आणि अळंबी वाटाड्याने खुडलेलीच खायची.

सणांत कसं वागायचं

१२ डिसेंबरला ग्वादालूपेची जत्रा, १६ पासून नऊ रात्री पोसादा. रोज एका घराकडून दुसऱ्या घराकडे गाणी म्हणत मिरवणूक जाते आणि सगळ्यांना गरम पोन्चे मिळतं: पेरू, ऊस, चिंच, दालचिनी, तेहोकोते नावाची पिवळी फळं, गुळात उकळलेली. २३ तारखेला वाहाका शहरात भाजीचा मुळा कोरून केलेल्या बाहुल्यांची रात्र असते, पण तिथली रांग बघून मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही. त्यापेक्षा नववर्षाला तेओतित्लानमध्ये राहा. गावाबाहेरच्या छोट्या गुहेपाशी लोक जातात आणि वर्षभरात जे हवं त्याची दगड-काटक्यांची प्रतिकृती मांडतात: घर, गोठा, ट्रक. कुणाच्या मांडणीला पाय लागणार नाही असं चाला आणि फोटो विचारून काढा.

घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. पाव, चॉकलेट, फुलं किंवा मेझकालची बाटली. घरात शिरल्यावर आधी देव्हाऱ्यापाशी जायचं, आणलेलं तिथे ठेवायचं, मग बसायचं. जेवण उरलं तर बांधून देतात, घ्यायचं. ६ जानेवारीच्या गोल पावात तुमच्या तुकड्यात बाळाची छोटी मूर्ती निघाली, तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाल द्यायची जबाबदारी तुमची. तामाल घरी करायला बसू नका, आठवडाभर आधी शेजारणीकडे सांगून ठेवा.

निघायच्या आधी

आठवडाभर आधी घरमालकाला तारीख सांगा. गॅसचा काटा पहिल्या फोटोशी ताडून बघा, कमी असेल तर भरून द्या. वीजबिल दोन महिन्यांचं येतं, त्यामुळे तुमच्या वाट्याचा आकडा आधीच ठरवून पैसे हातात द्या. जड घोंगडी विमानात नेण्यापेक्षा त्याच घरात ठेवलीत तर पुढच्या वर्षी खोली मागायला तोंड राहतं. नगरपालिकेतल्या ज्या माणसाने नकाशा काढून दिला त्याला निरोप द्यायला जा, आणि पुढच्या नोव्हेंबरात कुठल्या वाटा बंद राहणार आहेत तेही तिथेच विचारून घ्या.